तिथं गर्भ फोडतात

हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असं माझ्या तोंडून कधीच निघालेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. बहिणीला सांगेन सांगेन म्हटलं, तीही गेली. परवा गिरणीत चार बायकांसमोर बोलले, पण ते उभ्या उभ्या, तुटक. सगळं सांगायचं तर बसून सांगावं लागतं. म्हणून बसले आहे.

एक आधीच बोलून टाकते. मी रडत नाहीये. कुणी पाठीवरून हात फिरवावा म्हणून हे लिहीत नाही, आणि ‘जाऊ दे, म्हातारी आहे’ असं कुणी म्हणावं म्हणूनही नाही. म्हातारी आत्ता आहे. तेव्हा नव्हते. तेव्हा हातपाय चालत होते, डोकं तर चांगलंच चालत होतं — आणि जे केलं ते त्याच डोक्यानं केलं.

आणखी एक. चौथी शिकलेली बाई, अणू न् वीज तिला काय कळणार, भीतीपोटी काहीतरी बोलून गेली असेल — असं मनात आलं असेल तर काढून टाका. अडाणीपणावर ढकलायचं असतं तर मी कधीच ढकललं असतं. मला सगळं कळलेलं होतं. कसं, ते सांगते.

आम्ही सणसरचे. सासरा होता तोवर घरात मेंढरं होती. दसरा झाला की आम्ही कळप घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायचो, आणि पावसाच्या तोंडाला परत यायचो. पुढं कालव्याचं पाणी शेतात खेळायला लागलं, ऊस आला, मेंढरं कमी होत होत संपली. माझा एकुलता एक मुलगा रमेश विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायला शिकला. आतली जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची. हाताला कसब होतं त्याच्या.

त्याला बायको केली कळंबची. मनीषा. रसायनशास्त्र घेऊन शिकलेली, बोलायला मोकळी, कामाला वाघ. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तिला समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात शिकाऊ म्हणून घेतलं. पुढं तिथंच नोकरीत कायम झाली. राहायला क्वार्टर मिळालं. रमेश इथलं दुकान मोडून तिच्यामागं गेला आणि तिथल्या बाजारात मोटारींचंच दुकान टाकून बसला.

माझी जाऊ हौसाबाई. तिची जीभ म्हणजे विळा. ती भर अंगणात म्हणाली, “आक्का, तुमचा रमेश नांदायला गेला म्हनं! लुगडं-चोळी केली का न्हाय बरुबर?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले, आणि ते बरीच वर्षं माझ्याच घरात राहिलं. मुलगा बायकोच्या क्वार्टरात राहतो. तिच्या नावावर दिवा लागतो, तिच्या नावावर नळाला पाणी येतं. ही गोष्ट मला सहन होत नव्हती. का? कुणी मला उपाशी ठेवलं होतं का? नाही. सहन होत नव्हती, एवढंच.

संक्रांतीला मनीषा गावी आली होती. आमच्या अंगणात हळदीकुंकू होतं. बायका भरपूर होत्या. हौसाबाईनंच विषय काढला.

“मने, आगं तितं तू नेमकं करतीस तरी काय? का नुसती खुर्चीत बसून येतीस?”

मनीषा तिळगुळाचं ताट घेऊन मधे बसली. एक मोठा लाडू उचलला. म्हणाली, “हा समजा एक जड अणू. डोळ्याला दिसत नाही एवढा बारीक असतो, पण आपण मोठा धरू. ह्याच्या पोटात गर्भ असतो. अणुगर्भच म्हणतात त्याला. त्याला बाहेरून एक कण येऊन धडकला की तो गर्भ फुटतो.” तिनं लाडू दोन्ही हातांनी मोडला. तीळ ताटभर उडाले. “हे बारीक कण उडतात ना, ते शेजारच्याला लागतात. मग तो फुटतो. मग त्याच्या शेजारचा. आणि प्रत्येक फुटण्यात ऊब निघते. ती एवढी असते की त्यावर पाणी उकळतं.”

“आन मंग?”

“मग वाफ. वाफेनं चाक फिरतं, चाकानं वीज होते. आपल्या साखर कारखान्यात उसाची चिपाडं जाळून तेच करतात की! इथं चिपाडं, तिथं अणूचा गर्भ. पुढचं सगळं सारखंच.”

हौसाबाईनं कपाळावर हात मारला. “म्हंजी येवढं शिकून-सवरून तू पानीच तापवतीस व्हय गं?”

असा हशा झाला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मनीषा तर सगळ्यांत जास्त हसली. ती आणखीही सांगत होती. सूर्यात उलटं चालतं म्हणाली. तिथं हलके, लहान लहान गर्भ एकमेकांत मिसळून एक होतात, त्यातूनही ऊब निघते, आणि तीच आपल्याला ऊन म्हणून लागते. ते माणसाला जमतंय का? करून बघतात, म्हणाली, पण घरात दिवा लावता येईल अशी वीज त्यातून अजून निघालेली नाही. जोडायचं दाखवायला तिनं तिळाच्या दोन लहान वड्या चिमटीत धरून दाबल्या. त्या चिकटल्या नाहीत. एकीचा चुरा झाला. परत सगळ्या हसल्या.

एका म्हातारीनं विचारलं, “पोरी, त्ये आंगाला लागत न्हाय का?”

“लागू शकतं, आज्जी,” मनीषा म्हणाली. खोटं बोलली नाही. “किरण असतात त्यात. जास्त लागले तर वाईटच. आणि जळण वापरून झालं तरी ते गार होत नाही लवकर, फार वर्षं सांभाळून ठेवावं लागतं. म्हणून तर इतके नियम असतात. आम्हाला प्रत्येकाला बिल्ला असतो. कुणाला किती किरण लागले ते त्यावरून कळतं.”

“बिल्ला? मेंढराच्या कानात आसतोय तसला?”

“तसलाच. फक्त कानात नाही, छातीवर लावायचा.”

मग तिनं सांगितलं की पूर्वी त्या बिल्ल्यात फिल्मचा तुकडा असायचा, किरण लागले की धुतल्यावर तो काळा दिसायचा. आता तसलं राहिलं नाही, बिल्ला यंत्रात घालून वाचतात. आणि बिल्ला घरी आणायचा नसतो, तिथंच फाटकाशी ठेवून यायचा.

मी तिच्या बाजूलाच बसले होते, वाण वाटत. एक शब्द माझ्या कानातून सुटला नाही. गर्भ म्हणजे बाईच्या पोटातला नव्हे, हे मला तेव्हाच कळलं. बिल्ला काळा पडत नाही, हेही तेव्हाच कळलं. हे लक्षात असू द्या.

पुढं तीन-चार वर्षं झाली, तरी त्यांना मूल नाही. गावात विचारणं सुरू झालं. दिवाळीला दोघं आले तेव्हा मीच मागं लागून त्यांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. मनीषातच काही असणार हे मी धरूनच चालले होते. तिच्या तपासण्या झाल्या, रमेशच्या झाल्या. आठवड्यानं डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. बाईत काही दोष नाही, म्हणाले. दोष मुलाच्यात आहे. लहानपणी गालगुंड झालं होतं का? ताप, आणि सूज खाली उतरली होती का?

झालं होतं. रमेश तेव्हा वयात येत होता. आम्ही कळप घेऊन घाटाखाली होतो, तो माझ्या आईजवळ होता. पोराची सूज खाली उतरलीय, तळमळतोय, निघून ये, असा निरोप आला होता. तेव्हा मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. मी गेले नाही. हे मात्र मी गिरणीतही बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, त्यावर तेव्हाही काही औषध नव्हतं. असेल. पण मी गेले नाही ते औषध नव्हतं म्हणून नव्हे.

दवाखान्यातून बाहेर आलो. रमेश पुढं चालत गेला, रिक्षा बघायला. मनीषानं माझा दंड धरला. ती मला आत्या म्हणायची.

“आत्या, हे आपल्या तिघांतच राहू द्या. त्यांना फार लागलंय. लोकांनी मला विचारलं तर मी बघून घेईन.”

आता मला सांगा — त्या पोरीनं असं म्हटल्यावर माणसानं काय करावं?

मी मेंढरं राखलेली बाई. कळपातल्या मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत की आम्ही काय करायचो? आधी मेंढा बदलायचो. एकीत दोष असेल, दोघींत असेल, पण विचार पहिला मेंढ्याचा. ही अक्कल मला उपजत होती. माझ्याच घरावर आली तेव्हा ती अक्कल मी गुंडाळून ठेवली.

हौसाबाईच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. अंगणात झोपाळा सजवला होता, बायका जमलेल्या, मनीषा यायची होती, अजून पोचली नव्हती. हौसाबाई माझ्याकडं वळली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“आक्का, आमचं झालं बगा. तुमच्या मनीचं कवा? का क्वार्टरात पाळणा मावत न्हाय?”

मी एवढंच म्हणाले, “कसं व्हईल? तितं गर्भ फोडत्यात. तीच म्हनली न्हवं का तुमच्या म्होरं?”

या वेळी कुणी हसलं नाही.

बघा, मी खोटं बोलले का? शब्द तिचाच. ऐकणाऱ्या त्याच. मी फक्त तो शब्द ताटातल्या लाडवातून काढून तिच्या पोटात ठेवला. एका वाक्यात माझा मुलगा सुटला, नांदायला गेल्याचा डाग गेला, आणि ज्या नोकरीचं ते क्वार्टर होतं त्या नोकरीवरही वळ उठला. असं बसलेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नाही. तेव्हा मला ते गोड लागलं. आता तुमच्यापुढं सभ्यपणा करून ‘लगेच वाईट वाटलं’ असं म्हणणार नाही. गोड लागलं.

मनीषा आली. नवी साडी, हातात नारळ. बायका एकेक करून पोटुशीची ओटी भरत होत्या. मनीषाची वेळ आली तेव्हा हौसाबाईनं तिच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं, दमली आसशील परवासानं. बस जा.” दुसरी एकजण आपलं लेकरू उचलून पलीकडं जाऊन बसली. मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी गव्हाच्या खिरीत वेलदोडा घालत होते. ते काम मी अगदी मन लावून केलं.

तिला कळलं असणार. त्याच रात्री नाही तर नंतर, कुणीतरी सांगितलंच असणार. तिनं एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद केली असती. केली नाहीत. नवऱ्याची गोष्ट नवऱ्याला विचारल्याशिवाय काढणारी ती नव्हती. सणाला येणं कमी झालं, मग बंद झालं. पुढं त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. तीही आता मोठी झाली. गावाला फोटोतच ठाऊक.

इथवरचं कदाचित बऱ्याच सासवांच्या नावावर निघेल. तुम्ही ऐकलंही असेल असलं काही. यासाठी मी बसले नसते. खरी गोष्ट पुढं आहे, आणि मी तिच्याभोवती किती वेळ फिरते आहे ते मलाही दिसतंय. तर ऐका.

आमच्या आळीला नामदेवतात्या राहायचे. भाजीपाला करायचे, त्यांची वांगी-टोमॅटो पहाटेच बाजाराला निघायची. त्यांची मुलगी सारिका. हुशार, चुणचुणीत, यंत्रांचं शिकलेली. संक्रांतीच्या त्या हळदीकुंकवाला ती पुढंच बसली होती, मनीषाच्या तोंडाकडं बघत. पुढं तिनं मनीषाला विचारून विचारून अर्ज केला, परीक्षा दिली, आणि त्याच केंद्रात शिकाऊ म्हणून तिला बोलावणं आलं. गावात पेढे वाटले तात्यांनी. आणि पेढे वाटून झाल्यावर कुणीतरी त्यांच्या कानात माझं वाक्य घातलं.

तात्या सकाळी माझ्या दारात आले. पायरीवर बसले. पाणी दिलं ते नुसतं हातात धरून बसले.

“वैनी, येकच इचारतो. माजी पोर तितं जायाची म्हनती. बायका कायबाय बोलत्यात. तुमी सांगा, तुमच्या घरातलीच बाई हाय. तुमी जा म्हनला तर पाठिवतो. न्हाय म्हनला तर न्हाय.”

पुरुषमाणूस माझ्या पायरीवर बसून आपल्या मुलीचं काय करू म्हणून मला विचारत होता. असा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता, नंतरही नाही. दोन वाक्यांचं काम होतं. ‘तात्या, पाठवा. मनीषाला काही झालेलं नाही.’ एवढंच. रमेशचं नाव घ्यायचीही गरज नव्हती.

मी म्हणाले, “तात्या, मनीचा बिल्ला काळा पडला हुता. मी माज्या डोळ्यांनी बगितला.”

बिल्ला मी कधीही बघितलेला नाही. तो घरी येतच नाही. आणि काळाही पडत नाही. दोन वाक्यांत तीन ठिकाणी खोटं.

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. “बरं झालं इचारलं,” म्हणाले. उठून गेले.

का बोलले? इथंच सगळं अडून बसलंय. मुलाची अब्रू? ती तर आधीच वाचली होती. सुनेवरचा राग? तो सारिकावर कशाला काढू? पोरीच्या काळजीनं? छे. मी पायरीवर उभी राहून एका क्षणात हिशेब केला, आणि तो असा होता. सारिका तिथं गेली असती तर मनीषाच्या शेजारी राहिली असती. त्या वसाहतीत तिला काय दिसलं असतं? तिथं काम करणाऱ्या बाया, आणि अंगणात खेळणारी त्यांची पोरं. पहिल्याच सुट्टीला ती गावात येऊन म्हणाली असती — तिथं तर सगळ्यांना लेकरं आहेत, मग मनीषावहिनीलाच कसं काय? मग बायकांनी बोटं मोजून विचार केला असता. आणि विचार करत करत त्या माझ्या दारात आल्या असत्या.

पोर माझ्या खोट्याच्या वाटेत येत होती. मी तिला बाजूला केली. झालं एवढंच. यात माया नाही, भीती नाही, अज्ञान नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही.

सारिका आठ-पंधरा दिवस जेवली नाही म्हणतात. मनीषाला तिनं विचारलं असेल का? मला माहीत नाही. विचारलं असलं तरी बापानं माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, मुलीच्या बोलण्यावर नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. पोर नजरेसमोर राहावी म्हणून तात्यांनी गावातच दिली. सासरी पिठाची गिरणी होती. नवरा शेतात, गिरणी हिच्याकडं.

आता यात एक गंमत आहे, आणि ती मला रोज सहन करावी लागते. गिरणीला थ्री फेज वीज लागते. आमच्याकडं ती आली तर आली. दळण घेऊन गेलं की निम्म्या वेळा सारिका गिरणीच्या दारात मांडीवर हात ठेवून बसलेली असते, खांबाकडं बघत. यंत्रं शिकलेली मुलगी. जिनं वीज करायला जायचं होतं ती विजेची वाट बघते. मी तिथं पोत्यावर बसते. ती मला “बसा काकू” म्हणते. माझं दळण ज्वारीचं, बारीक. मला दात नाहीत, जाड भाकरी चावत नाही. एवढ्या वर्षांत कसं दळू, असं तिनं मला एकदाही विचारलेलं नाही. माझं पोतं आलं की ती आपण होऊन चाकी आवळते, पीठ बारीक पडावं म्हणून. कधी गर्दी असली तर माझं पोतं पुढं घेते — “काकूंचं हुंदे आदी, त्यान्ला उन्हाचं जायचंय.”

तिचा तो चांगुलपणा मी खात आले. भाकरीबरोबर.

या उन्हाळ्यात ती माझ्या दारात आली. त्याच पायरीवर बसली. बाप गेलाय तिचा. तिची मुलगी ऋतुजा बारामतीला पदार्थविज्ञान शिकली. तिला लांब परराज्यात एका संस्थेत पुढं शिकायला घेतलंय. तिथं ते सूर्यासारखं जोडायचं काम चालतं. गॅस इतका तापवायचा की गर्भाला गर्भ मिसळावा, आणि तो कशालाही टेकू न देता लोहचुंबकानं अधांतरी धरायचा. ऋतुजानं मला मागं एकदा हे सांगितलं होतं. मी विचारलं होतं, “जमलं का?” ती म्हणाली होती, “जमतंय आज्जी, पण क्षणभर. वीज अजून न्हाय. म्हणून तर जायचंय.”

सारिका म्हणाली, “काकू, पोरगी ऐकत न्हाय. माझं मन धजत न्हाय. तिचा बाप म्हनतो, तूच ठरीव. म्हनून आले. तुमी आमच्या तात्यांना सांगितलं हुतं — मनीषावैनींचा बिल्ला काळा पडला हुता. तुमी सोता बगितला. खरं का?”

जे तिच्या बापानं विचारलं तेच. त्याच पायरीवर. इतक्या वर्षांनी तिनं मलाच विचारायला यावं! माझ्यावर भरवसा ठेवायची या घराला सवयच आहे.

मी म्हणाले, “उद्या दळन घिऊन येती. तितं सांगती.”

“हितं का न्हाय?”

“बायकांम्होरं बोलले हुते. बायकांम्होरंच सांगती.”

संध्याकाळी रमेशला फोन लावला. फोनवर दोघंही होते. मी सांगितलं, सारिकाच्या पोरीचं असं असं आहे, उद्या गिरणीत सगळं बोलणार आहे. तुझं नाव निघेल.

तो म्हणाला, “निघू दे. इतकी वर्षं तिचं निघत होतं.”

मागून मनीषाचा आवाज आला. पुष्कळ वर्षांनी तिचा आवाज ऐकला मी. चिडली नव्हती, रडलीही नाही. “आत्या, सांगणार असाल तर नीट सांगा. बिल्ला काळा पडत नाही. आणि तिथं धोका नसतो असं सांगू नका. असतो, म्हणूनच मोजतात. जोडायच्या कामातही किरण असतात. ऋतुजा तिथं मोजायलाच शिकेल, म्हणावं.” फोन बंद झाला. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मला ते बरं वाटलं. त्यापेक्षा जास्त ऐकायची माझी लायकी नव्हती, आणि कमी ऐकायला मी फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेले तर थ्री फेज गेलेली. चार बायका डबे-पोती घेऊन बसलेल्या. त्यांत हौसाबाई, आता काठी टेकत चालते, जीभ मात्र तशीच. ती म्हणाली, “या आक्का. सरकार झोपलंय, बसा.”

मी बसले नाही.

“सारिका, मनीचा बिल्ला मी कदी बगितला न्हाय,” मी म्हणाले. “त्यो घरी आनत न्हाईत. काळाबी पडत न्हाय. मी तात्यांना खोटं सांगितलं. मनीचं प्वाट धड हुतं. दोष माज्या रमेशचा हुता, त्ये मला डाक्टरनं तोंडावर सांगितलं हुतं. समदं म्हाईत आसताना मी बोलले. तितं गर्भ फोडत्यात ही मनीची गोष्ट लाडवाची हुती, मी ती तिच्या पोटाची केली. आन पोरीला लावून दे. किरण आसत्यात तितं, पन मोजत्यात. मनी म्हनली, ऋतुजा मोजायलाच शिकंल.”

हौसाबाईनं तोंडाला पदर लावला. एकजण म्हणाली, “आता कशाला काडायचं म्हातारपनी, जाऊ द्या—” मी तिला गप्प बस म्हटलं. मला मधे कुणी सोडवायला नको होतं.

सारिका उठली नाही. हातावरचं पीठ झाडत राहिली. मग विचारलं, “माज्यावर राग हुता का तुमचा?”

“न्हाय.”

“मंग?”

“तू तितं गेली आसतीस तर माजं खोटं उगडं पडलं आसतं. म्हनून.”

तिनं मान हलवली. नुसती, समजलं अशी. गिरणी बंद असली की किती शांत असते! शिव्या आल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यांची तयारी करूनच गेले होते. एकही आली नाही.

तेवढ्यात दिवा लागला. सारिकानं बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला, जमीन थरथरली. तिनं रांगेतले डबे एकेक करून दळले. माझं पोतं होतं तिथंच, शेवटी. त्याची पाळी आली तेव्हा तिनं ते उचललं, गिरणीच्या वरच्या चाड्यात ओतलं, आणि चाकीवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं — नवं गिऱ्हाईक बघावं तसं.

“जाड का बारीक?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, “बारीक.”